गोव्याच्या पावसाळ्यात डीह्युमिडिफायर: अख्खं घर कोरडं ठेवायचं तर काय घ्यावं, कसं बसवावं

‘२५ लिटर, ५०० चौरस फुटांसाठी’ असं खोक्यावर ठळक छापलेलं असतं. त्यावर विसंबून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा पाण्याच्या रूपात काढून टाकीत जमा करणारं यंत्र, घरी येतं. जुलैत ते रात्रंदिवस चालतं, टाकी दिवसातून दोन-तीनदा भरते आणि आर्द्रतेचा आकडा ७२-७३ च्या खाली उतरत नाही. मग दुकानदाराला फोन, कंपनीला तक्रार. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं. खरेदीच्या वेळचा हिशेब चुकलेला असतो, आणि तो चुकतो दोन ठिकाणी.

पहिली गोष्ट ते २५ लिटर, म्हणजे यंत्र दिवसाला किती पाणी काढतं तो आकडा. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक यंत्रं ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून मोजलेली असतात. हवा इतकी ओली असेल तेव्हाच यंत्र तेवढं पाणी काढतं. खोली ५५ टक्क्यांवर आली की तेच यंत्र निम्म्यावर येतं: २५ चे १२-१३ लिटर, ५० चे २५. यंत्रातली कॉइल, म्हणजे हवेतलं पाणी जिच्यावर जमतं ती थंड नळ्यांची जाळी, तेवढीच थंड असते, पण हवेत पाणीच कमी उरलेलं असतं. म्हणून छापील आकड्याला दोनाने भागायचं आणि त्यावर हिशेब करायचा. अमेरिकी मॉडेलवर कमी लिटर लिहिलेले दिसले म्हणून ते दुबळं समजू नका. तिथली मोजणी थंड आणि कमी दमट हवेत होते, त्यामुळे आकडा लहान दिसतो.

दुसरी गोष्ट चौरस फूट. दमटपणाचा हिशेब जमिनीच्या क्षेत्रफळावर चालत नाही, तो चालतो बाहेरची हवा घरात किती शिरते यावर. भर पावसात बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. आत २८ अंशांवर ५५ टक्के हवे असतील तर हवेत १५ ग्रॅमच चालेल. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक घनमीटरमागे ८ ग्रॅम पाणी काढावं लागतं. पर्वरी किंवा मडगावातला ८०० चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घ्या. आतली हवा साधारण २१५ घनमीटर. खिडक्या बंद असूनही दर दोन तासांनी ही हवा एकदा बदलत असेल, आणि सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या घरात हे सहज होतं, तर ताशी ८५० ग्रॅमच्या वर, दिवसाला २० लिटर पाणी नुसतं फटींतून आत येतं. माणशी साधारण एक लिटर श्वास आणि घामातून. गॅसचं कुणाच्या लक्षात येत नाही: एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे बावीसेक लिटर. आंघोळी, ओले कपडे वेगळेच. चौघांच्या घरात सगळं मिळून २७-२८ लिटरचा रोजचा भार होतो. त्यापुढे छापील २५ लिटरचं, म्हणजे प्रत्यक्षात १२ लिटरचं यंत्र काय करणार?

म्हणून यंत्राआधी फटी. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली केसाळ ब्रशची दोरी झिजलेली असते, ती बदलून घ्या. ॲल्युमिनियमचं काम करणारा मिस्त्री एका सकाळीत घरभर बदलून देतो. दारांच्या खाली रबराची पट्टी, चौकटीला फोमची टेप. स्प्लिट एसीची नळी जिथून बाहेर जाते ते भोक बहुतेक घरांत नुसतं उघडं असतं, ते पुट्टीने भरा. काचेच्या पट्ट्यांची जुनी खिडकी कधीच नीट बंद होत नाही. पावसाळ्यापुरता आतून ॲक्रिलिकचा पत्रा बसवणं हाच इलाज. आणि न्हाणीघरातला एग्झॉस्ट पंखा. तो ताशी निदान १०० घनमीटर हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच ओली हवा फटींतून आत ओढली जाते. दिवसभर चालू राहिला तर १९ लिटरचा भार वाढला. आंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालवा, मग बंद. बंद असताना झाकली जाणारी झडप त्याला हवीच.

‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला यंत्राविना राहणाऱ्या घरासाठी बरोबर आहे. यंत्र चालू असताना तो उलटा पडतो.

भिंतीतली ओल हा वेगळा रोग आहे. चिऱ्याची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. अशा भिंतीसमोर यंत्र लावलं तर पाणी जोमाने बाहेर येतं आणि सोबत क्षार आणतं, पांढरी भुकटी फुलते, रंग सुटतो. ओल कुठली हे ओळखायला दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय: आधी गच्ची, पाइप, बाहेरचा गिलावा यांचं काम करा. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष हवेचा, आणि तिथे यंत्र उपयोगी.

आता प्रकार. पेल्टियरवर, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणाऱ्या छोट्या चकतीवर चालणारी, पाण्याच्या जगएवढी ‘मिनी’ यंत्रं दिवसाला पाव ते अर्धा लिटर काढतात. गोव्यातल्या खोलीसाठी ती खेळणी आहेत. डेसिकंट म्हणजे ओलावा शोषणाऱ्या झिओलाइट खनिजाच्या चक्राची यंत्रं थंड प्रदेशात उत्तम, १५ अंशांखाली तीच नीट चालतात. आपल्याकडे मात्र ६००-७०० वॅट खाऊन सात-आठ लिटर काढतात आणि खोली चांगलीच तापवतात. इथे कॉम्प्रेसरचं यंत्रच घ्यायचं. एसीच्या ‘ड्राय’ मोडवर विसंबू नका. पावसाळ्यात रात्री तापमान मुळातच २५-२६ असतं, एसीचा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबतो, आणि पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. खोली गार आणि दमट, अंथरूण चिकट.

कॉम्प्रेसरच्या यंत्राने खोली गरम होते, हेही आधी समजून घ्या. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता सुटते, शिवाय यंत्राची स्वतःची वीज. छापील २० लिटरचं यंत्र सतत चाललं तर पाच-सहाशे वॅटचा हीटर लावल्यासारखं होतं. बंद खोली दोन-चार अंश वाढते. कोरड्या हवेत पंख्याखाली ते फारसं जाणवत नाही, पण एप्रिल-मेमध्ये हे यंत्र लावून बसणं म्हणजे स्वतःला शिजवणं.

वीज किती? छापील २० लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. ५५ टक्क्यांवर लिटरमागे पाऊण युनिटच्या आसपास खर्च येतो, मोठ्या यंत्रांत अर्ध्या युनिटापर्यंत उतरतो. २५ लिटरचा खरा भार असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला १३ ते १८ युनिट. वीज खात्याच्या बिलात ते स्पष्ट दिसतं. आकडा ५५ ऐवजी ६० वर ठेवला तर भार आठव्या हिश्श्याने कमी होतो आणि यंत्राला पाणी काढणंही सोपं जातं. राहत्या घराला ६० पुरे. बुरशीचा जोर ७० च्या वर धरतो. ४५ च्या खाली कधी नेऊ नका. जुन्या सागवानी कपाटांचे सांधे उघडतात, हार्मोनियमची लाकडी पेटी तडकते.

कुठल्या घराला काय? राहत्या फ्लॅटला ५० लिटरचं एक की २५ लिटरची दोन, असा प्रश्न नेहमी येतो. आमचं मत दोनाच्या बाजूने. रात्री बेडरूमची दारं बंद होतात आणि पॅसेजमधल्या एका मोठ्या यंत्राची हवा तिथवर पोचत नाही. दाराखाली दोन-तीन सेंटिमीटरची फट कापली तर थोडी पोचते, पण पुरेशी नाही. दोन लहान यंत्रं आवाजही कमी करतात, आणि एक बिघडलं तर घर अगदीच उघडं पडत नाही. तोटा इतकाच, की दोन ठिकाणी नळी काढावी लागते. बाजारात २०-२५ लिटरचं बऱ्यापैकी यंत्र साधारण २०,००० ते ३५,००० रुपयांत मिळतं.

मालक मुंबईला किंवा आखातात आणि घर जून ते सप्टेंबर बंद, हे गोव्यात घरोघरी आहे. अशा बंद फ्लॅटला फटी बुजवून एक २५ लिटरचं पुरतं, कारण माणसं नाहीत, गॅस नाही, आंघोळी नाहीत. मात्र दोन अटी पक्क्या: पाणी नळीने आपोआप बाहेर गेलं पाहिजे, आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र स्वतःहून सुरू झालं पाहिजे. गोल खटक्याची साधी यंत्रं सुरू होतात. स्पर्शपट्टीची कित्येक मॉडेलं वीज आल्यावर नुसती लुकलुकत उभी राहतात. दुकानात प्लग काढून, पाच मिनिटांनी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वायफायचं कौतुक फक्त अशाच घरात, तेही राउटर चालू असेल तर. आयोनायझर, निळा दिवा वगैरेसाठी एक रुपया जास्त मोजू नये.

कौलारू घर, माळा नाही, वर नुसती मंगळुरी कौलं: तिथे हवा तासाला पाच-पाच वेळा बदलते. बारा बाय बाराच्या एका खोलीचा भार दिवसाला ३८ लिटर होतो. राजांगणाच्या घरात तर मधोमध आभाळच. ही घरं श्वास घेण्यासाठीच बांधलेली आहेत, ती अख्खी कोरडी करायचा नाद सोडा. एक खोली निवडा, तिला जिप्समचं किंवा फळ्यांचं घट्ट छत करा, दाराला रबर लावा, आणि पुस्तकं, पैठण्या, तबला-पेटी, कॅमेरा सगळं तिथे हलवा. २० लिटरच्या यंत्रात काम होतं आणि पैसा सार्थकी लागतो.

छतात बसवायचं डक्टचं यंत्र, म्हणजे खऱ्या अर्थाने अख्ख्या घराचं, हे नवीन बंगल्याला आणि फॉल्स सीलिंग होण्याआधीच. ७० लिटरच्या आसपासचं युनिट, वजन ४० ते ६० किलो. पॅसेजच्या स्लॅबला अँकर ठोकून चार थ्रेडेड रॉडवर, रबरी गाद्या घालून टांगायचं. गाद्या नसतील तर रात्री घरघर अख्ख्या स्लॅबमधून ऐकू येते. हवा हॉलमधून एका जाळीने ओढायची आणि सहा इंची इन्सुलेट केलेल्या नळ्यांनी प्रत्येक बेडरूममध्ये सोडायची, प्रत्येक फाट्यावर झडप ठेवून. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या फेऱ्यातून वगळा. फिल्टर काढायला ६० बाय ६० सेंटिमीटरचं झाकण हवंच. ते न ठेवणारे इंटिरिअरवाले बरेच आहेत, आणि मग दोन वर्षांनी पीओपी फोडावं लागतं. यंत्राच्या पाण्याच्या निचऱ्याला यू आकाराचा ट्रॅप लागतो आणि सुरू करण्याआधी तो पाण्याने भरावा लागतो. नाहीतर पंख्याच्या ओढीने पाणी बाहेर न जाता तबकातच साचतं आणि छतावर डाग पडतो. खाली दुसरं तबक आणि त्यात पाणी चढताच यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. आर्द्रतेनुसार यंत्र चालू-बंद करणारा खटका हॉलच्या भिंतीवर पाच फुटांवर, स्वयंपाकघरापासून लांब. नातेवाइकांनी अमेरिकेतून असं यंत्र पाठवायची तयारी दाखवली तर नम्रपणे नकार द्या: ते ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ५० हर्ट्झवर कॉम्प्रेसर तापतो.

जमिनीवर ठेवायच्या यंत्राची बसवणी सोपी वाटते आणि नेमकी नळीत फसते. टाकी तीन ते सहा लिटरची, तिच्यावर कुणी चार महिने काढू शकत नाही. मागच्या तोटीला अर्धा इंची नळी लावून न्हाणीघराच्या जाळीत किंवा बाल्कनीच्या निचऱ्यात सोडा. पाणी नुसत्या उताराने जातं, म्हणून यंत्र सहा-आठ इंच उंच चौरंगावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि नळीला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या. उंबरठ्यावरून नळी वर चढवली की संपलं. नळीला मध्ये झोळ पडला तर त्यात पाणी थबकून राहतं, पुढे हवेचा बुडबुडा अडकतो, आणि पाणी मुकाट्याने टाकीत उतरू लागतं. टाकी भरली की यंत्र बंद. बघणाऱ्याला वाटतं मशीन गेलं. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं नको. तोटीशी वॉशर नसेल तर थेंब थेंब गळून जमिनीवर थारोळं होतं. महिन्याने नळीत बुळबुळीत शेवाळ धरतं, पाऊण कप व्हिनेगर ओतून अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धुवा. निचरा उंचावर असेल तर आतच पंप असलेलं मॉडेल घ्या, पण पंप हा बिघडणारा आणखी एक भाग आहे हे धरून चाला.

यंत्राच्या चारही बाजूंना फूटभर जागा सोडा, पडदे दूर. प्लग भिंतीतल्या पक्क्या पॉइंटला, एक्स्टेन्शन बोर्डाला कदापि नाही. २०१३ साली अमेरिकेत एकाच उत्पादकाची, वेगवेगळ्या नावांनी विकलेली वीस लाखांहून अधिक यंत्रं तापून पेट घेण्याच्या धोक्यामुळे परत मागवावी लागली होती. दिवसरात्र चालणाऱ्या यंत्राचं वायरिंग हलक्यात घेऊ नये. विजांचा कडकडाट लक्षात घेऊन सर्ज प्रोटेक्टर, आणि व्होल्टेज खेळत असेल अशा भागात स्टॅबिलायझर.

पहिले तीन-चार दिवस आकडा हलत नाही म्हणून घाबरू नका. गाद्या, लाकूड, पुस्तकं, भिंती साठवलेलं पाणी सोडत असतात. पाचव्या दिवशी मोजा: नळी एक तास बादलीत सोडा. २८ अंश आणि ८५ टक्क्यांना छापील २० लिटरच्या यंत्रातून तासाला पाऊण लिटरच्या आसपास, ५५ ला ४०० मिलिलिटर यायला हवं. फारच कमी आलं तर आधी फिल्टर बघा. पावसाळ्यात तो दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. २८ अंशांच्या खोलीत कॉइलवर बर्फ धरत असेल तर फिल्टर चोंदलाय, पंखा मंदावलाय किंवा यंत्रातला थंड करणारा गॅस गळतोय. कॉम्प्रेसर चालतोय, बाहेर येणारी हवा आत जाणारीपेक्षा गरम नाही, पाणीही नाही: गॅस गेला. समुद्राजवळच्या घरात खारी हवा कॉइलला सुईच्या अग्राएवढी भोकं पाडते, त्यामुळे तिथे निळा किंवा सोनेरी लेप असलेलीच कॉइल मागा. गॅस भरणं एसीच्या मेकॅनिकला जमतं, पण यातल्या बऱ्याच यंत्रांना गॅस भरायची तोटीच नसते, आणि लहान यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं स्वस्त पडतं. म्हणून खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न हा: वॉरंटीत माणूस गोव्यातला येतो की यंत्र मुंबईला पाठवावं लागतं? फ्लोट स्विच, पंख्याची मोटर आणि पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) सुटे मिळतात का?

यंत्राच्या पट्टीवरचा आर्द्रतेचा आकडा खरा मानू नका, तो यंत्राच्या तोंडाशी मोजलेला असतो. स्वस्तातला डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घेऊन तो मिठाने पारखा: बाटलीच्या झाकणात मीठ, वर थेंबभर पाणी, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर नेहमी चार मिळवा. असे दोन मीटर घ्या, एक यंत्रापासून सगळ्यात लांबच्या खोलीत आणि एक कपाटात.

कपाट म्हणजे खोलीच्या आतली दुसरी खोली, आणि यंत्राची हवा तिच्यात शिरत नाही. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा, दुपारी दारं किलकिली ठेवा. कपाटात झिरोचा बल्ब लावायची जुनी युक्ती चालायची ती त्या बल्बाच्या १२-१५ वॅटच्या उष्णतेमुळे. आता त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी लावून लोक बुरशीची वाट बघतात. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण खाली साचलेलं खारट पाणी चामड्यावर सांडलं तर चप्पल-पट्टा गेलाच.

ओल्या कपड्यांसाठी मात्र हे यंत्र फार उत्तम: छोट्या बंद खोलीत दोरी, पंखा आणि यंत्र, पाच-सहा तासांत मशीनभर कपडे वास न येता सुकतात. जमलेलं पाणी फरशी पुसायला वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका; ते डिस्टिल्ड नसतं, कॉइलचे धातूचे अंश आणि धूळ त्यात उतरलेली असते.

चवथीनंतर पाऊस ओसरतो, पण ऑक्टोबर अर्धा जाईपर्यंत यंत्र ठेवा. मग टाकी आणि नळी धुवून सुकवा, पाणी न काढता नुसता पंखा दोन-तीन तास चालवा, कॉइल वाळू द्या, आणि यंत्र उभंच झाकून ठेवा. कुणी माळ्यावर आडवं टाकलं असेल तर मे अखेरीस आधी एक दिवस उभं ठेवून मगच प्लग लावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरतं.